जिंकलो यार, पण मित्र गेला!

*विषय अगदी साधा असतो. 'नशीब मोठं की मेहनत?', 'देव आहे की नाही?', 'माणूस मुळात स्वार्थीच का?' चहाच्या पहिल्या कपाला गंमत असते, तिसऱ्या कपाला भांडण. मतं वेगळी असावीत, वाद रंगावा आणि तरी मैत्री टिकावी, हे जमतं का? जमतं! त्याचे नियम आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच करून ठेवलेत...*

शुक्रवारची रात्र. आठवडाभराचं टेन्शन ऑफिसातच टाकून आम्ही पाच जण कोथरूडला एका मित्राच्या फ्लॅटवर जमलो होतो. भेळ होती, चहा होता आणि उद्या सुट्टी होती. म्हणजे फुल मैफल! कुणीतरी सहज पुडी सोडली, 'काय रे, आयुष्यात नशीब जास्त चालतं की मेहनत?'

झालं. माझा जुना रूममेट एका बाजूला आणि मी दुसऱ्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की सगळा नशिबाचा खेळ आहे, मेहनतबिहनत सब झूट. माझं म्हणणं, नशीब ही आळशी माणसाची पळवाट आहे. मी फॉर्मात होतो. उदाहरणांवर उदाहरणं दिली. त्याचे दोन मुद्दे असे खोडून काढले, की बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग मी शेवटचा षटकार मारला, 'म्हणजे तू तीन महिने घरी बसलायस तेसुद्धा नशिबामुळेच का?'

त्याची नोकरी गेली होती. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

तो हसला. हेल्मेट उचललं. 'चला, उद्या लवकर उठायचंय,' म्हणाला आणि गेला. नोकरी नसलेल्या माणसाला शनिवारी लवकर कशाला उठायचं असतं, हा प्रश्न त्या रात्री आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. त्यानंतर अकरा महिने आम्ही बोललो नाही. आठ वर्षांची दोस्ती, एका चहाच्या कपात खलास.

मी वाद जिंकलो होतो, बरं का!

सळई कोणाच्या हातात?

तुम्हाला वाटेल, हे असले राडे आपल्यासारख्या हौशी मंडळींचेच होत असणार. मोठमोठे विचारवंत कसे शांतपणे, एकमेकांना 'आपण म्हणता ते खरं आहे, परंतु...' असं म्हणत चर्चा करत असतील. छे हो! जरा केंब्रिजची गोष्ट ऐका.

तारीख २५ ऑक्टोबर १९४६. तोही शुक्रवारच! किंग्ज कॉलेजातली एक खोली, थंडीचे दिवस, शेगडीत निखारे. तिथल्या 'मॉरल सायन्सेस क्लब'मध्ये पाहुणे म्हणून आले होते कार्ल पॉपर. समोर लुडविग विटगेन्स्टाइन. दोघंही मूळचे व्हिएन्नाचे, दोघंही विसाव्या शतकातले दादा तत्त्वज्ञ आणि ही त्यांची आयुष्यातली एकमेव भेट. खोलीत बर्ट्रांड रसेलही हजर. विषय काय, तर तत्त्वज्ञानात खरे प्रश्न असतात, की फक्त भाषेचे गुंते असतात?

बोलता बोलता विटगेन्स्टाइननी निखारे ढोसायची लोखंडी सळई हातात घेतली. पॉपर यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिलं, की विटगेन्स्टाइननी नैतिक नियमाचं एखादं उदाहरण मागितलं, तेव्हा आपण म्हणालो, पाहुण्या वक्त्याला सळईने धमकावू नये, हा एक नियम. त्यावर विटगेन्स्टाइन सळई टाकून तडक निघून गेले. खोलीतल्या काहींच्या मते मात्र हे वाक्य विटगेन्स्टाइन गेल्यानंतरचं. काहींच्या मते सळई नुसती मुद्दा समजावायला हातात होती. २००१ मध्ये या दहा मिनिटांवर एक अख्खं पुस्तक आलं, तरी साक्षीदारांचं एकमत झालेलं नाही. गंमत बघा, माणूस सत्य कसं ओळखतो यावर आयुष्य घालवलेली ही माणसं, आणि आपल्या डोळ्यांदेखत काय घडलं यावर त्यांचं एकमत होईना!

पण मला यातली सगळ्यात झकास गोष्ट वेगळीच वाटते. त्या क्लबचे अध्यक्ष कोण होते? खुद्द विटगेन्स्टाइन. म्हणजे सभा शांतपणे चालवायची जबाबदारी ज्याच्यावर, त्याच्याच हातात सळई!

आता आपल्या ग्रुपमधला, ऑफिसातला, घरातला सीन आठवून बघा. 'शांत व्हा रे सगळे' म्हणणारा बऱ्याचदा कोण असतो? ज्याला स्वतःलाही जिंकायचं असतं, तोच.

वाद म्हणजे भांडण नव्हे

'वाद घालू नकोस,' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बिचाऱ्या या शब्दाची आपण पार वाट लावली. मुळात 'वाद' हा अत्यंत सभ्य शब्द होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला आलेल्या ग्रंथात, चर्चेचे तीन स्वच्छ प्रकार सांगितलेत.

पहिला वाद. दोघांनाही खरं काय ते शोधायचंय. दोघंही पुरावे देतात, तर्क लढवतात. कोण जिंकलं याला महत्त्व नाही. हा वाद कुणाशी करावा? तर गुरूशी, शिष्याशी, बरोबर शिकणाऱ्याशी. थोडक्यात, ज्याच्या मनात तुमच्याबद्दल असूया नाही अशा माणसाशी.

दुसरा जल्प. इथे जिंकायचंच असतं. त्यासाठी शब्दच्छल, लबाडी, आडवळणं सगळं चालतं.

तिसरी वितंडा. इथे स्वतःचं काही म्हणणंच नसतं. फक्त समोरच्याचं मोडायचं. 'वितंडवाद' हा शब्द आपण अजून वापरतो तो इथूनच आलाय. प्रत्येक ऑफिसात एक तरी असा महाभाग असतो. मीटिंगमध्ये प्रत्येक आयडियाला 'नाही चालणार' म्हणतो आणि 'मग तू सांग' म्हटलं की खांदे उडवतो.

बरं, न्यायसूत्रं भाबडी नाहीत. जल्प आणि वितंडा वाईटच, टाकून द्या, असं ती म्हणत नाहीत. कोवळ्या रोपाभोवती काटेरी कुंपण घालतात ना, तसा त्यांचा उपयोग सांगितलाय. कुणी मुद्दाम गोंधळ घालायलाच आला असेल, तर काटे बाहेर काढा. म्हणजे सतत गोड बोला, असा हा सल्ला नाही. आपण नक्की कुठल्या प्रकारात आहोत, ते आधी ओळखा, असा आहे.

त्या शुक्रवारी रात्री काय चुकलं, ते मला इथे समजलं. तो वाद करत होता. मी जल्प.

हरण्याचे बावीस प्रकार

आता खरी धमाल. या मंडळींनी माणूस चर्चेत कधी हरला असं समजायचं, याची अक्षरशः यादी केली. या जागांना 'निग्रहस्थान' म्हणतात आणि त्या आहेत बरोब्बर २२. क्रिकेटमध्ये आउट व्हायचे प्रकार असतात ना, तसंच! त्यातले काही वाचा आणि आपल्या ओळखीचं कोण कोण दिसतंय ते बघा.

अर्थांतर : विषय सोडून भलतीकडेच जाणं. पगारवाढीबद्दल विचारलं की कंपनीच्या 'फॅमिली कल्चर'वर भाषण ठोकणाऱ्या मॅनेजरची विकेट इथे पडते.

पुनरुक्त : तेच तेच पुन्हा बोलणं. आवाज चढवला म्हणजे नवा मुद्दा होत नाही, बॉस.

अविज्ञातार्थ : तीनदा सांगूनही ना समोरच्याला कळलं, ना सभेला. जड जड शब्द फेकून भाव खाणारे इथे थेट आउट. प्रेझेंटेशनवाल्यांनी नोंद घ्यावी!

मतानुज्ञा : माझ्यात दोष आहे, पण तुझ्यातही आहेच की! 'तुमच्या वेळी काय झालं होतं' हे उत्तर नव्हे, तर आपली चूक झाल्याची कबुली आहे. आपल्या घरात, सोसायटीत आणि टीव्हीवर हाच प्रकार सर्वांत लाडका.

विक्षेप : अडचणीत आल्यावर 'मला जरा काम आहे' म्हणून निघून जाणं.

शब्दच्छलाचं उदाहरण तर इतकं भारी आहे, की ते मराठीतही जसंच्या तसं चालतं. कुणी म्हणालं, या मुलाकडे नव कांबळं आहे. म्हणजे नवीन. की लगेच दुसरा म्हणतो, नऊ कुठे? एकच तर आहे! सगळे हसतात, मूळ मुद्दा जातो हवेत. ओळखीचं वाटतंय ना?

आणि आता तो प्रकार, जो वाचून मी गप्प बसलो. अननुभाषण. समोरच्याने आपलं म्हणणं तीनदा मांडलं, सभेला ते कळलं आणि तरी तुम्हाला ते तुमच्या तोंडून परत सांगता आलं नाही, तर तुम्ही हरलात. तुमचा युक्तिवाद कितीही जोरदार असो. आधी त्याचं नीट सांगा, मग आपलं.

अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी २०१३ मध्ये आपल्या पुस्तकात अनातोल रॅपोपोर्ट यांच्या नावाने काही नियम दिले होते. टीका करण्याआधी समोरच्याचं म्हणणं इतकं छान मांडा, की तो म्हणाला पाहिजे, 'अरे वा, हे मलाही इतकं नीट सांगता आलं नसतं!' मग कुठे कुठे पटतं ते सांगा. त्याच्याकडून काय शिकलात ते सांगा. आणि त्यानंतरच 'पण' म्हणा. हजारो वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर, पण नियम जवळजवळ तोच.

त्या रात्रीचा स्कोअरकार्ड मांडला तर? तो 'लवकर उठायचंय' म्हणून गेला, म्हणजे विक्षेप. नियमाने तो हरला. पण मी? त्याचं म्हणणं मला सांगता आलं असतं का? आलं असतं की, 'सगळं नशीब.' एवढंच ना?

थांबा. याकडे पुन्हा येऊ.

बॉसशी वाद घालावा का?

सभ्यतेचा प्रश्न दोन मित्रांत सोपा असतो. एकाच्या हातात अप्रेझल असेल तर? यावरही एक जुना किस्सा आहे. मिलिंद नावाचा ग्रीक राजा, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला मिनँडर. त्याला नागसेन या बौद्ध भिक्षूशी चर्चा करायची हौस आली. पाली भाषेतल्या 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात ती चर्चा आहे. नागसेनाने आधी अट घातली. पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजासारखं बोलणार असाल तर नको. फरक काय? पंडित एकमेकांचे मुद्दे खोडतात, चुका दाखवतात आणि कुणी रागवत नाही. राजा मात्र एक मत मांडतो आणि जो विरोध करेल त्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने अट मान्य केली, म्हणून तर तो ग्रंथ झाला.

'बिनधास्त बोला, मला ओपन फीडबॅक आवडतो,' म्हणणाऱ्या प्रत्येक साहेबाच्या केबिनबाहेर ही गोष्ट लावून ठेवायला हवी. बोलणारा सभ्य आहे की नाही, ही झाली अर्धी बाजू. खरं बोलल्याची किंमत त्याला मोजावी लागणार आहे का, ही उरलेली अर्धी.

आणि प्रेक्षकांचं काय? चरकसंहितेत, म्हणजे चक्क वैद्यकाच्या ग्रंथात, वैद्यांनी आपापसात चर्चा कशी करावी यावर सविस्तर विवेचन आहे. मैत्रीची चर्चा वेगळी, विरोधाची वेगळी. आधी समोरचा माणूस जोखा, मग सभा जोखा. सभा तुमच्या बाजूची आहे, तटस्थ आहे, की आधीच तुमच्यावर खार खाऊन आहे? तिसऱ्या प्रकारच्या सभेत, चरक म्हणतो, कुणाशीच वाद घालू नका.

मोबाइलवरच्या चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये आपण रात्री बारा वाजता जे टाइप करतो, ते ज्याला उद्देशून असतं त्याच्यासाठी असतं का? की उरलेल्या अडतीस जणांच्या टाळ्यांसाठी? समोर चेहरा नाही, आवाजातला कंप नाही, हसू खरं की खोटं ते कळत नाही. त्या फ्लॅटवर तर आम्ही पाचच जण होतो आणि चेहरा समोर होता. तरी तीन जणांच्या टाळ्यांनी मला वेडं केलं.

सभ्य म्हणजे गुळमुळीत?

इथे एक गडबड होऊ शकते. 'सभ्यपणे बोला' हे वाक्य कधी कधी तोंड बंद करायलाही वापरतात. गोपाळ गणेश आगरकरांचंच बघा ना. टिळक आणि ते डेक्कन कॉलेजातले दोस्त. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी', पहिले संपादक आगरकर. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघं डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस काढून आले. इतकी घट्ट मैत्री! पण आधी समाजसुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य, या प्रश्नावर दोघांचं बिनसलं. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. मग दोन्ही पत्रांतून जी जुंपली, ती काही गुळमुळीत नव्हती. शब्दांना धार होती, अनेकदा ते लागतही होते.

पण त्यात मुद्दा होता. बालविवाह, विधवांचे हाल, जातीची बंधनं. यावर हळू आवाजात बोलून भागणार नव्हतं. आगरकर जिवंत असताना पुण्यात विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. विचाराला उत्तर सापडत नाही, तेव्हा माणसालाच मेलेला ठरवायचं. असभ्यपणा म्हणायचा तो याला. धारदार लेखाला नव्हे.

१८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा त्यांचं वय चाळीसही नव्हतं. 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. मतभेद मिटले नव्हते, मिटणारही नव्हते. पण समोरचा माणूस केवढा होता, हे सांगायची जबाबदारी प्रतिपक्षाने टाळली नाही.

म्हणजे बघा, आवाज किती मोठा यावर सभ्यता ठरत नाही. तुम्ही मुद्द्यावर वार करताय की माणसावर, यावर ठरते. मी त्या रात्री आवाज अजिबात चढवला नव्हता. अगदी हसत हसत बोललो होतो. 'तीन महिने घरी बसलायस' हेसुद्धा.

पुढच्या शुक्रवारसाठी पाच टिप्स

१. सुरुवातीलाच ठरवा, आपण खरं शोधतोय की जिंकतोय? मजेसाठी जिंकायचं असेल तर तसं सांगून टाका. कॅरम खेळतानाही बोर्ड आधी ठरतो.

२. 'तुझं म्हणणं असं आहे का?' हे वाक्य 'पण'च्या आधी. तो 'हो' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही.

३. समोरच्याच्या आयुष्यातली जखम उदाहरण म्हणून वापरायची नाही. मुद्दा कितीही फिट बसत असला तरी.

४. ग्रुपमध्ये एक जण त्या दिवशी फक्त पंच. पंचाला स्वतःचं मत मांडायची बंदी. आणि हो, सळई त्याच्या हातात द्यायची नाही!

५. कुणी अचानक हसून हेल्मेट उचललं, तर गेट गाठेपर्यंत त्याच्या मागे जा. वाद राहू दे.

अकरा महिन्यांनी

हे सगळं वाचल्यावर एका रविवारी मी त्याला फोन लावला. मेसेज नाही, फोन. दोनदा कट केला, तिसऱ्यांदा लावला. त्याने उचलला. त्याला नवी नोकरी लागून पाच महिने झाले होते, हे मला तिसऱ्याकडून कळलं होतं. अभिनंदन केलं. मग थोडा वेळ दोघंही गप्प. पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

म्हटलं, 'ऐक ना. त्या दिवशी तू काय म्हणत होतास ते मी एकदा सांगून बघतो. चुकलं तर थांबव.'

'बोल.'

'तुझं म्हणणं, सगळं नशिबावर असतं. मेहनतीला काही अर्थ...'

'थांब,' तो म्हणाला. 'मी हे म्हणालोच नव्हतो.'

'मग?'

'मी म्हणत होतो, मेहनत तर आपण दोघांनी सारखीच केली. एकाच खोलीत, एकाच टेबलावर बसून. तुझी टीम राहिली, माझी गेली. म्हणून जो राहिला त्याने गेलेल्याला आळशी समजू नये. बस, एवढंच. दोनदा सांगितलं मी. तू टाळ्या घेत होतास.'

मला आठवत होतं ते सगळं. भेळ, टाळ्या, माझे षटकार. फक्त ही वाक्यं आठवत नव्हती.

'तिसऱ्यांदा सांगितलंस म्हणजे आता,' मी म्हटलं. 'आता मला परत सांगता आलं नाही तर मी आउट.'

'काय?'

'काही नाही. जुना नियम आहे. भेटलास की सांगतो.'

'शुक्रवारी?' त्याने विचारलं. आणि मग जरा थांबून, 'पण माझा अजूनही तुझ्या मेहनतीच्या थिअरीवर विश्वास नाही हां.'

'नको ठेवूस,' मी म्हणालो. 'तेवढ्यासाठीच तर ये.'